भूकंपाच्या आधी दोन वर्षं

आजचे वाचन : आमोस १:१ (सोबत २ राजे १४:२३ ते १५:७ आणि जखऱ्या १४:५)



आजपासून आपण आमोसाचं पुस्तक वाचायला घेत आहोत. आज एकच वचन. या वचनावरून आपण नेहमी भरभर पुढे जातो, कारण त्यात उपदेश नाही, अभिवचन नाही, नुसती ओळख आहे. तकोवाचा एक मेंढपाळ. यहूदात उज्जीया राज्य करत होता, इस्राएलात योवाशाचा मुलगा यराबाम. आणि हे सगळं भूकंपाच्या दोन वर्षं आधीचं.

कोणता भूकंप, ते सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आमच्या उमरगा-लोहारा भागात आजही कुणी "भूकंपाच्या आधी" म्हणालं तर "कोणत्या भूकंपाच्या?" असं कुणी विचारत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकतीच झोपली होती. तेव्हापासून आमच्याकडं लग्नं, जमिनीचे व्यवहार, पोरांची वयं, विहीर कधी खणली आणि बैलजोडी कधी विकली, सगळं "आधी" नाहीतर "नंतर" असंच सांगतात.

त्या पहाटे आमच्या घराची भिंत पडली आणि माझी धाकटी बहीण गेली. आम्ही तिला बेबी म्हणायचो. मी तेव्हा सहावीत होतो. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाची माती, आमच्या भागातली बहुतेक घरं तशीच होती. जास्त सांगत नाही.

बेबीच्या जन्माचा एकही कागद आमच्याकडं नाही. मंडळीच्या वहीत नोंद असली तरी ती वहीही मातीखालीच गेली. शाळेत ती गेलीच नाही, नाहीतर गुरुजींनी रीतीप्रमाणं १ जून लिहून टाकला असता. (माझी स्वतःची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची तीच होती. कागदावर आहे म्हणून तारीख खरी असते असं नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.) काही वर्षांपूर्वी आईनं ठरवलं की बेबीच्या नावाचा एक दगड बसवायचा. दगड कोरणाऱ्यानं जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "भूकंपाच्या आधी दोन वर्सं." तो म्हणाला, "मावशी, तसं नाही कोरता येत, आकडा सांगा."

मग मी आईजवळ बसलो आणि एकेक विचारत गेलो. ती म्हणाली, "येळवशीच्या दुसऱ्या दिशी झाली. आईतवार व्हता, तुझे पप्पा भक्तीला गेले व्हते." धाराशिव-लातूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करतात, भज्जी-भाकरी आणि आंबील असते. आमचं शेत नव्हतं, पण शेजाऱ्यांच्या रानात दरवर्षी आमचं ताट असायचंच. आदल्या दिवशी आई पोट सांभाळत तिथं आंबील वाटत होती, हे तिला पक्कं आठवत होतं.

अमावस्या हिशोबानं काढता येते. जुनी पंचांगं बघितली तर मार्गशीर्ष अमावस्या ४ जानेवारी १९९२ ला येते, शनिवारी. दुसरा दिवस ५ जानेवारी, रविवार. त्याच्या आधीची येळवस डिसेंबर १९९० च्या मध्यावर येते, पण तिच्या दुसऱ्या दिवशी रविवार बसत नाही. म्हणजे बेबीचा जन्म ५ जानेवारी १९९२. भूकंपाच्या दिवशी ती एक वर्ष आणि जवळपास नऊ महिन्यांची होती. आई "दोन वर्षांची" म्हणते ते खोटं नाही. दुसरं चालू होतं, आणि आमच्याकडं चालू वर्ष धरूनच मोजतात.

हा सगळा घरगुती हिशोब एवढ्यासाठी सांगितला की पवित्र शास्त्रातल्या घटनांची सालं अगदी याच रीतीनं काढलेली आहेत.

शास्त्रात कुठंही इसवी सन नाही. ती पद्धत पुष्कळ नंतरची, इ.स. ५२५ च्या सुमारास दियोनीसियस नावाच्या एका मठवासीयानं बसवलेली. (त्याचा हिशोब थोडा चुकला. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये मेला असं बहुतेक अभ्यासक धरतात, म्हणून येशूचा जन्म "ख्रिस्तपूर्व" काळात पडतो. नवीन विश्वासी हे ऐकून गोंधळतात, पण चूक मोजणाऱ्याची आहे, शुभवर्तमानाची नाही.) शास्त्रातली माणसं आईसारखी सांगतात. अमुक राजाच्या अमुक वर्षी. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, असं यशया म्हणतो. भूकंपाच्या आधी, असं आमोसाच्या पुस्तकात आहे. त्यातून क्रम कळतो, आकडा कळत नाही. आकड्यासाठी येळवशीसारखं काहीतरी आकाशातलं लागतं.

ते अश्शूरी लोकांकडं सापडलं. अश्शूरात प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव द्यायचे, आपल्या पंचांगात जशी संवत्सरांना नावं असतात तसं. भूकंपाचं आपलं वर्ष शके १९१५, श्रीमुख संवत्सर. फरक इतकाच की आपली साठ नावं फिरून फिरून येतात आणि त्यांच्याकडं दरवर्षी नवा माणूस. या नावांच्या याद्या मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या मिळाल्या. एका वर्षापुढं नोंद आहे : सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं. खगोलशास्त्राच्या गणितानं ते ग्रहण १५ जून इ.स.पू. ७६३ चं ठरतं. एक खुंटी पक्की ठोकली गेली की त्या यादीतली मागची-पुढची वर्षं बोटावर मोजता येतात.

आता ही यादी आणि राजांची पुस्तकं जुळतात का? इथं मला फार आवडणारं एक गणित आहे, वही-पेन घ्या. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या एका शिलालेखात, त्याच्या सहाव्या वर्षी कर्कार इथं झालेल्या लढाईत इस्राएलाचा अहाब राजा दोन हजार रथ घेऊन त्याच्याविरुद्ध उभा होता असं आहे. ते साल इ.स.पू. ८५३. त्याच शल्मनेसरला अठराव्या वर्षी येहूनं खंडणी दिली, म्हणजे इ.स.पू. ८४१. मधलं अंतर १२ वर्षं. आता शास्त्र उघडा. अहाबानंतर अहज्यानं २ वर्षं राज्य केलं (१ राजे २२:५१), त्याच्यानंतर यहोरामानं १२ (२ राजे ३:१), आणि मग येहू. बेरीज १४. दोन वर्षं जास्त!

कॉलेजात असताना हा फरक मला कुणीतरी मोठ्या तोऱ्यात दाखवला होता, "बघ तुमचं बायबल." तेव्हा उत्तर सुचलं नाही. उत्तर आमच्या आईच्या बोलण्यातच होतं. आपण म्हणतो ना, "पोराला पाचवं लागलं"? पोरगं चार वर्षांचंच झालेलं असतं. इस्राएलातही राजा गादीवर बसला ते अर्धंमुर्धं वर्ष पहिलं म्हणून धरत, आणि त्याच वर्षाचा उरलेला भाग आधीच्या राजाच्याही नावावर लागे. एक वर्ष दोघांच्या खात्यावर. दोन राजांमागं एकेक वर्ष वजा केलं की १ अधिक ११, म्हणजे १२. यावरून असंही दिसतं की अहाब त्या लढाईच्याच वर्षी रामोथ-गिलादात पडला आणि शल्मनेसरच्या अठराव्या वर्षीच येहू गादीवर आला.

असं पुढं मोजत आलं की उज्जीया आणि दुसरा यराबाम यांचा काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात येतो. नेमक्या वर्षांवर अभ्यासकांत थोडा फरक आहे, पण आमोसाचा काळ सुमारे इ.स.पू. ७६० हे बहुतेकांना मान्य आहे. भूकंपाचं काय? गालीलच्या उत्तरेला हासोर नावाचं जुनं शहर आहे. तिथं १९५० च्या दशकात यिगाएल यादीन यांनी उत्खनन केलं, तेव्हा याच काळातल्या थरात कललेल्या आणि कोसळलेल्या भिंती मिळाल्या, आणि त्या भूकंपानं पडल्या असं त्यांनी मांडलं. सास्तूरच्या, किल्लारीच्या पडक्या भिंतींचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. जखऱ्याच्या पुस्तकात, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही, उज्जीयाच्या दिवसांत लोक कसे पळाले होते याची आठवण आहे. नातवांच्या नातवांपर्यंत गेलेली आठवण.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण मागच्या आठवड्यात एका तरुण भावानं विचारलं होतं. पुस्तकात सांगितलेली घटना आणि पुस्तक लिहिलं जाण्याची वेळ या दोन वेगळ्या तारखा असतात. मी वर "किल्लारी" म्हणालो. ती आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. आणि आमच्या जिल्ह्याचं नाव भूकंपाच्या वेळी उस्मानाबाद होतं. मी आज "१९९३ साली धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला" असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण शंभर वर्षांनी कुणी वाचलं तर त्याला कळेल की लिहिणारा नाव बदलल्यानंतरचा आहे. उत्पत्ती १४:१४ मध्ये अब्राहामानं दानापर्यंत पाठलाग केला असं आहे. पण त्या गावाचं नाव लईश होतं, दान हे नाव शास्ते १८:२९ मध्ये पडलं. म्हणजे गोष्ट जुनी, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या हातानं वाचकाला ओळखीचं नाव वापरलं. यानं विश्वास डळमळावा असं मला तरी वाटत नाही.

नावावरून काळ कसा पकडतात याचं दुसरं उदाहरण तर आपल्या तेरचं आहे. गोरोबाकाकांचं तेर, तेच जुनं तगर. 'पेरिप्लस' नावाचं एका ग्रीक खलाशाचं पुस्तक आहे, त्यात पैठणहून दहा दिवस पूर्वेला तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून कापड भडोच बंदराला जातं असं लिहिलंय. लिहिलं कधी, ते पुस्तकात नाही. पण त्यातच एका ठिकाणी नबाती लोकांचा राजा मलिखस याचा उल्लेख आहे. हा दुसरा मलिखस इ.स. ४० ते ७० राजा होता, म्हणून पुस्तक साधारण त्या काळातलं धरतात. आता २ करिंथ ११:३२ काढा. दिमिष्कात पौलाला पकडायला ज्याचा अधिकारी टपून बसला होता तो अरीतास राजा म्हणजे याच मलिखसाच्या आधीचा, त्याचा बाप. तो इ.स. ४० मध्ये वारला. म्हणजे पौल पाटीतून भिंतीखाली उतरला ती रात्र त्याआधीचीच. एकाच घराण्यातल्या बापाच्या नावावरून पौलाची तारीख धरायची आणि मुलाच्या नावावरून आपल्या तेरची! तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी दोनदा गेलो होतो, हे कळल्यावर तिसऱ्यांदा गेलो.

असो. आमोसाकडं परत येतो, कारण खरं सांगायचं ते राहिलंच आहे.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मदत घेऊन पुष्कळ लोक आले, देव त्यांचं भलं करो. त्यांतच दूरहून एक उपदेशक आले. त्यांनी आमोस ३:६ काढलं, नगरावर अनर्थ येतो तो परमेश्वरानंच आणलेला नाही का, असा प्रश्न त्या वचनात आहे. मग तुमच्या गावात दारू किती, मूर्ती किती, पाप किती, हे ते तासभर सांगत राहिले. आई उठली आणि बाहेर जाऊन बसली. त्यानंतर आमच्या घरात आमोस कुणी उघडला नाही. आईला वाचता येत नाही, मीच तिला रोज वाचून दाखवतो. क्रमानं वाचत आलो आणि योएल संपला की ती म्हणायची, "म्होरं ओबद्या घे."

मी ते वचन गुळगुळीत करून सांगणार नाही. ३:६ शास्त्रात आहे आणि जड आहे. पण पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत तारीख आहे, आणि त्या उपदेशकांनी ती वाचली नव्हती. आमोस भूकंपाच्या दोन वर्षं आधी बोलला. प्रेतं मोजून झाल्यावर नाही. आणि बोलला ते कुणाला? शोमरोनात हस्तिदंताच्या पलंगावर लोळणाऱ्यांना. ते हस्तिदंत कल्पनेतलं नाही, शोमरोनच्या उत्खननात त्याचे शेकडो नक्षीदार तुकडे निघाले आहेत. यराबामाच्या काळात राज्य सुखात होतं, सीमा वाढल्या होत्या, व्यापार चालला होता. त्या सुखात जोड्याच्या किमतीला गरीब विकला जात होता आणि तराजूत खोट होती, हे आमोसानं तोंडावर सांगितलं. बेथेलच्या याजकानं त्याला हाकलून दिलं (७:१०-१३). ज्यांना ऐकून सुधारता आलं असतं त्यांना, सुधारायला वेळ असताना सांगितलं. दोन वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग जमीन हलली, आणि माझा अंदाज असा की तेव्हा कुणीतरी त्याचे शब्द गोळा करून लिहून ठेवले, वर ती एक ओळ घालून. राज्य त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षं टिकलं, इ.स.पू. ७२२ मध्ये शोमरोन पडलं.

आणखी एक बघा. सातव्या अध्यायात आमोसाला नाश दिसतो तेव्हा तो "बरं झालं" म्हणत नाही. दोनदा देवापुढं रडतो, याकोब लहान आहे, तो कसा टिकेल म्हणून. आणि दोन्ही वेळा परमेश्वर थांबतो. आमच्या शेडमध्ये आलेले गृहस्थ रडले असते तर आई बसून राहिली असती असं मला वाटतं. आपल्या प्रभूलाही बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलावं लागलं (लूक १३:४). ते इतरांहून अधिक पापी होते का, तर नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. पश्चात्ताप करायला त्यानं सांगितलं ते उभे राहून ऐकणाऱ्या जिवंतांना.

परवा योएल संपला. आईनं नेहमीसारखं ओबद्या म्हणायच्या आत मी म्हणालो, "आई, आमोसाची नुसती पहिली ओळ ऐक." वाचली. तिनं परत वाचायला लावली.

"दोन वर्सं आधी?" ती म्हणाली. "मंजी बेबी झाली तवा."

मी म्हणालो, "हो, तसंच."

"मग त्यो आधी बोलला. नंतर येऊन नाही बोलला."

"नाही."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "चष्मा पूस तुझा, आन् म्होरं वाच."

उद्याचे वाचन : आमोस १:२ ते २:१६. २:६ पाशी सावकाश वाचा, घाई करू नका.